प्रभारी गव्हर्नरची भिंत

अमेरिकेतल्या एका राज्याचा एके काळचा गव्हर्नर माझ्या घरात जन्मला होता, हे मला घर विकत घेईपर्यंत कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी भाव पाडून मागितला असता. विकणाऱ्यानं छप्पर गळतं ते सांगितलं, मागची विहीर बुजवलेली आहे ते सांगितलं, शेजारणीची गाय कुंपण ओलांडून येते तेही सांगितलं. गव्हर्नरबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

घर आयर्लंडातल्या कॉर्क बंदराच्या बाजूच्या एका खेड्यात, अगदी रस्त्याला लागून आहे. पुढची भिंत दगडी, हातभर जाड. तिच्यात एक बुटका दरवाजा आणि दोन लहान खिडक्या. राहायला ते घर कोणी घेतलं नसतं. मला ते हवं होतं जागेसाठी. रिंगास्किडीचे औषध कारखाने तिथून गाडीनं जवळ. त्या कारखान्यांत आपली पुण्यानागपूरकडची पुष्कळ मुलंमुली आहेत आणि दुपारी थंडगार सँडविच खाऊन ती वैतागलेली असतात. आम्ही नवराबायको त्यांना डबे पुरवतो. सुरुवात घरच्या ओट्यावर झाली. मग एक गाळा भाड्यानं घेतला. मग आयरिश लोकही आमटी मागायला लागले. बायकोनं प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडली, कारण मला एकट्याला ते झेपेना. आणि नेमका तेव्हाच गाळ्याच्या मालकानं निरोप धाडला, की त्याला गाळा स्वतःसाठी हवा आहे, उन्हाळा संपेपर्यंत रिकामा करा.

म्हणून ते घर. आत भिंती काढून मोठं स्वयंपाकघर करायचं, आणि पुढची भिंत फोडून व्हॅन आत घेता येईल असं शटर बसवायचं. व्हॅन रस्त्यावर उभी करून पातेली चढवणं शक्य नव्हतं. तिथला रस्ता इतका अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला तर एकानं मागं जावं लागतं. घराच्या मागून एक वाट होती, पण ती शेजारणीच्या शेतातून जायची. घर घेतल्याबरोबर मी तिला ती वाट मागितली होती. ती म्हणाली होती, "बघू." आयर्लंडात 'बघू' म्हणजे नाही. हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडेही त्याचा अर्थ तोच होतो.

भिंत फोडायच्या परवानगीसाठी कौन्सिलकडे अर्ज केला. नियमाप्रमाणे अर्जाची सूचना खिडकीत लावली. दुसऱ्याच दिवशी दारावर टकटक झाली. तीच शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, गमबूट घातलेली, गावच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मी मनात तिला मास्तरीणबाईच म्हणायचो, इथंही तेच म्हणतो.

"तुम्ही ही भिंत पाडणार?" बाईंनी विचारलं.

"पाडणार नाही. उघडणार."

"किती उघडणार?"

"माझी व्हॅन आत जाईल एवढी."

"म्हणजे पाडणार." बाईंनी छत्री मिटली. "या भिंतीआड गव्हर्नर जन्मला, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांना आत बोलावलं आणि चहा ठेवला. घरात शिरलेल्या माणसाला चहा दिल्यावर तो काय आणि किती मागणार, हे ओळखता येतं. ही गोष्ट मी माझ्या वडिलांकडून शिकलो. वडील माणदेशातल्या बैलबाजारात दलाल होते.

बाईंनी चहा पीत पीत गव्हर्नरचं आख्खं चरित्र सांगितलं.

त्याचा बाप लाकडी पिंपं बनवायचा. कॉर्कचं लोणी त्या काळी पिंपांत भरून जहाजानं जगभर जायचं, आणि ती पिंपं बनवणारी माणसं अशा घरांतून राहायची. पोरगा बापाच्या हाताखाली लाकडाच्या पट्ट्या वाकवायला शिकला. मिसरूड फुटलं तसा जहाजात बसून अमेरिकेला गेला. तो देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता आणि पश्चिमेकडे नव्या जमिनी मोजायचं काम चाललं होतं. हा मोजणीवाल्यांच्या टोळीत साखळी ओढायला लागला. मग एका लहान गावात दुकान टाकलं. गिऱ्हाइकांकडून कायद्याची पुस्तकं मागून आणून वाचली आणि वकिली करायला लागला. राज्याच्या विधानसभेत निवडून आला, पुढं राज्याच्याच वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये गेला. तिथं दोन तट होते. दोघांनाही समोरच्याचा माणूस सभापती नको होता, म्हणून दोघांनी मिळून याला सभापती केलं.

"कारण तो कोणाचाच नव्हता," मी म्हणालो.

"कारण तो दोघांशी बोलू शकायचा," बाई म्हणाल्या. शिक्षिकेला पोरानं मधे बोललेलं आवडत नाही, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग गव्हर्नर तापानं गेला. राज्यघटनेत लिहिलं होतं, की अशा वेळी सिनेटच्या सभापतीनं कारभार पाहावा. हा झाला प्रभारी गव्हर्नर. विरोधक पहिल्या दिवसापासून मागं लागले. हा फक्त ॲक्टिंग आहे, यानं नवे कायदे करू नयेत, यानं गव्हर्नरच्या बंगल्यात राहू नये. तो बंगल्यात गेलाच नाही. एका खानावळीच्या वरच्या खोलीत राहिला आणि तिथल्या टेबलावर बसून सह्या केल्या. दलदलीतून जाणारा एक मोठा रस्ता मंजूर केला. त्या रस्त्यावरून पुढं निम्मं राज्य वसलं, असं बाईंचं म्हणणं. शेजारच्या राज्याशी हद्दीचा तंटा होता, तो बोलून मिटवला. मग निवडणूक आली. हा उभा राहिला आणि पडला. निवडून आला तो एक बडा जमीनदार, जो विधानसभेची पायरीसुद्धा चढला नव्हता. रस्त्याचं उद्घाटन त्या जमीनदारानं केलं. आपला माणूस परत आपल्या गावी गेला, लहानशा कोर्टात न्यायाधीश झाला आणि तिथंच वारला.

"आमच्या इतिहास मंडळाची इच्छा आहे, की हे घर संरक्षित वास्तूंच्या यादीत जावं," बाई शेवटी म्हणाल्या. "कौन्सिलला आम्ही तसं कळवलंय."

एकदा त्या यादीत घर गेलं, की खिळा ठोकायलाही परवानगी लागते. भिंत फोडणं तर विसराच. मी कप खाली ठेवला.

"तुमच्या शेतातली वाट मला द्या. भिंतीला मी बोटही लावणार नाही."

"वाटेचा आणि गव्हर्नरचा काय संबंध?"

"माझ्या व्हॅनचा आहे."

"बघू," बाई म्हणाल्या, आणि छत्री घेऊन निघून गेल्या.

इथं मला माझ्या जुन्या नोकरीबद्दल सांगावं लागेल. सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. रिंगास्किडीच्याच एका कारखान्यात मी बरीच वर्षं काढली. डिप्लोमा करून आलेला माणूस मी, मशीनवर सुरुवात केली आणि शिफ्टचा प्रमुख झालो. एके दिवशी आमचा प्रॉडक्शन मॅनेजर दुसरीकडे गेला. डायरेक्टर मला म्हणाला, दुसरा माणूस मिळेपर्यंत तू सांभाळ. मी सांभाळलं. सरकारी तपासणी आली, ती पार पाडली. शुद्ध पाण्याचा प्लांट बिघडला, तेव्हा जेवायला घरी न जाता तो चालू केला. मग मुलाखती झाल्या आणि त्यांनी बाहेरून एक तरुण माणूस आणला. त्याला काम शिकवायची जबाबदारी माझ्यावर. मी डायरेक्टरच्या केबिनमध्ये गेलो. तो उठून उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू ग्रँड काम केलंस. पण शेवटी तू ॲक्टिंग होतास. खरा माणूस मिळेपर्यंतची ती एक सोय होती."

ग्रँड म्हणजे इथं फार मोठं असं काही नसतं. चहा बरा झाला तरी ग्रँडच. माझ्यासारख्या माणसाला त्या वेळी उत्तर सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो. राजीनामा दिला आणि डब्यांचा धंदा सुरू केला. आज तो कारखाना माझ्याकडून जेवण घेतो. सगळ्यांना थोडीफार सूट देतो, त्यांना देत नाही.

तर आता गव्हर्नर. बैल घ्यायचा असेल तर आधी त्याची खोड शोधायची, ही वडिलांची रीत. मी गव्हर्नरची खोड शोधायला बसलो. शोधायला लागलीच नाही, ती बाईंनीच सांगून ठेवली होती. तो खरा गव्हर्नर नव्हताच. लोकांनी त्याला निवडून दिलेलं नव्हतं. ज्या घरात खरा गव्हर्नर जन्मला, ते घर जपावं हे ठीक. पण बदली म्हणून आलेल्या माणसासाठी एका चालत्या धंद्याचं दार बंद करायचं?

माझा आर्किटेक्ट कॉर्कचाच. कॉर्कमध्ये साठीच्या माणसालाही 'बॉय' म्हणतात. पहिल्यांदा त्यानं मला तसं म्हटलं, तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. आता सवय झाली आहे. त्याला हा मुद्दा फार आवडला.

"हाच धरायचा, बॉय," तो म्हणाला. "पण तू बोलू नकोस. बाहेरून आलेल्या माणसानं गावच्या हिरोला लहान म्हटलं, तर ते तुला लहान करतील. मी बोलतो."

मला ते पटलं. त्या आठवड्यात गावाकडून आईचा फोन आला. घराचं कुठवर आलं, असं तिनं विचारलं. मी तिला सगळी हकिगत सांगितली. ॲक्टिंग म्हणजे काय, ते सांगताना म्हणालो, "म्हणजे आपल्याकडे तहसीलदार बदलून गेला की नायब तहसीलदार खुर्ची सांभाळतो ना, तसं."

"म्हणजे प्रभारी," आई म्हणाली. "तुला कारखान्यात केला होता, तसाच की रं."

मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.

सभा गावच्या हॉलमध्ये होती, संध्याकाळी, पण मे महिना असल्यामुळे खिडक्यांतून चांगलं ऊन येत होतं. कौन्सिलकडून एक तरुण अधिकारी बाई आल्या होत्या. निर्णय त्या दिवशी व्हायचा नव्हता, पण आर्किटेक्टनं मला आधीच बजावलं होतं, की ही बाई काय अहवाल देते त्यावर सगळं आहे. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत. मागं गावातली माणसं. अर्धी गव्हर्नरसाठी आली असतील, अर्धी क्रॅकसाठी, म्हणजे मजा बघायला. मी, बायको आणि मुलगी बाजूच्या खुर्च्यांवर. मुलगी इथंच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर देते कॉर्कच्या इंग्रजीत. तिला मी आधीच सांगितलं होतं, की आज मी एक शब्दही बोलणार नाही.

"प्रॉमिस?" तिनं विचारलं होतं.

"प्रॉमिस."

मास्तरीणबाई आधी बोलल्या. मला सांगितलं होतं तेच, पण आता गावासमोर, आणि शाळेत कविता म्हणून दाखवावी तशा तालात. टाळ्या पडल्या. मग आर्किटेक्ट उठला. तो चांगला बोलतो, त्याचीच तर मी फी देतो. आधी गावाची स्तुती केली, मग माझ्या डब्यांची. "आमच्या प्रेसमध्ये आता लोणच्याची बरणी असते," असं म्हणून लोकांना हसवलं. प्रेस म्हणजे इथं स्वयंपाकघरातलं कपाट. मग हळूच मुद्द्यावर आला.

"या माणसाबद्दल आम्हाला आदर आहे. पण आपण प्रामाणिक राहू या. तो गव्हर्नर नव्हता. ॲक्टिंग होता. राज्यानं त्याला निवडलं नाही. संधी मिळाली तेव्हा तर राज्यानं त्याला नाकारलं. खरा माणूस मिळेपर्यंतची ती एक सोय होती."

मागून कोणी तरी ओरडलं, "बदली गोलकीपर!" आणि हॉलभर हशा पिकला. अधिकारी बाईही हसल्या.

मुद्दा बसला होता. माझा मुद्दा, मीच शोधलेला, मीच त्याच्या हातात दिलेला. पण 'सोय' हा शब्द मी दिलेला नव्हता. तो त्याचा त्यानं आणला होता. आणि ते हसणं. मला एवढंच कळलं, की मी उभा आहे.

"कसली सोय?" मी म्हणालो.

आर्किटेक्टनं मला हातानं खाली बस अशी खूण केली. मी बसलो नाही.

"रस्ता कोणी मंजूर केला?" मी सगळ्या हॉलला विचारलं. "तंटा कोणी मिटवला? तो रस्ता अजून आहे का, बाई?"

मास्तरीणबाई मागं वळल्या होत्या. "आहे," त्या म्हणाल्या. "रुंद केलाय, पण त्याच जागी आहे."

"त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तो ॲक्टिंग रस्ता वाटतो का? गाडी ॲक्टिंग जाते का त्याच्यावरून? राज्य उघड्यावर पडलं तेव्हा कारभार कोणी पाहिला? बंगला दिला नाही, तर खानावळीत बसून पाहिला. तेव्हा कोणी म्हणालं नाही, की थांब बाबा, खरा माणूस येऊ दे, मग सही कर. काम असतं तेव्हा माणूस खरा असतो. काम झालं, सगळं रुळावर आलं, की मग तो ॲक्टिंग! मग बाहेरून एक आणायचा, ज्याला काही माहीत नाही, आणि त्याच्या हातून फीत कापायची. वर याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ग्रँड काम केलंस!"

शेवटचं वाक्य गव्हर्नरच्या चरित्रात कुठंही नव्हतं. आर्किटेक्ट दातओठ खात म्हणाला, "बॉय, तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"आय ॲम मॉर्टिफाइड," माझी मुलगी पुटपुटली. लाजेनं मेले, याला इथल्या पोरांचा हा लाडका शब्द.

अधिकारी बाईंनी मान वर केली. त्या आता हसत नव्हत्या. "मी नीट समजून घेते," त्या म्हणाल्या. "घर तुमचं. अर्ज तुमचा. आणि या माणसाचं काम महत्त्वाचं होतं, त्यामुळे हे घर महत्त्वाचं आहे, असं तुमचंच म्हणणं आहे?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. 'माणूस मोठा होता, पण भिंतीचा काय संबंध,' एवढंही चाललं असतं. सौदा करणाऱ्या माणसाला अशी पळवाट दिसते, मलाही दिसली. बायको माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, काही नाही. नुसती बघत होती.

"हो," मी म्हणालो. "आहे महत्त्वाचं."

आणि खाली बसलो.

सभा संपल्यावर चहा होता. मला कोणाची तोंडं बघायची नव्हती, म्हणून मी हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात गेलो. मागोमाग बायको आली आणि तिनं दार लोटलं.

"झालं समाधान?"

"तो काय बोलला ते ऐकलंस ना तू?"

"तुम्हीच शिकवलंत ना त्याला? अहो, कारखान्यात बोलायचं राहिलं होतं ते तुम्ही इथं बोललात. त्या डायरेक्टरला काही ऐकू गेलं नाही. आपला धंदा तेवढा गेला." तिनं सिंकमधला कप उचलला आणि धुवायला लागली, रागात असली की ती भांडी घासते. "मी नोकरी सोडली ती या भिंतीच्या भरवशावर. आता पातेली काय गव्हर्नरच्या डोक्यावर ठेवून न्यायची?"

एवढ्यात दार उघडून मास्तरीणबाई आत आल्या, हातात खरकट्या कपांचा ट्रे घेऊन.

"तुम्ही छान बोललात," त्या म्हणाल्या.

"छान बोलून माझं नुकसान झालं. आता वाट द्या."

"काय?"

"तुमच्या शेतातली वाट. तुमचा गव्हर्नर मी वाचवला."

"तो तुम्ही स्वतःसाठी वाचवलात," बाई म्हणाल्या. म्हातारी चलाख होती.

"कोणासाठी का असेना, वाचला ना? नुसत्या तुमच्या भाषणावर तो वाचत नव्हता. हसले होते लोक. ती कौन्सिलवालीही हसली होती."

बाई ट्रे धरून उभ्याच राहिल्या. "बघू," त्या म्हणाल्या.

"'बघू' नको!" माझा आवाज चढला. "तुमचं बघू मला कळतं. आमच्या गावात त्याच्यावर लग्नं मोडतात. हो म्हणा नाही तर नाही म्हणा."

बायकोनं माझ्याकडे डोळे वटारले आणि बाईंच्या हातातला ट्रे घेतला. "अडचण काय आहे, ते तर सांगा," ती त्यांना म्हणाली. इतक्या दिवसांत मी हे विचारलंच नव्हतं. मी नुसती वाट मागत होतो.

अडचण एक झाड होतं. वाटेच्या कडेला, शेतात एकटंच उभं असलेलं काटेरी हॉथॉर्नचं झाड. अशा एकट्या झाडाला इथं कोणी हात लावत नाही. त्याखाली परीलोकाची वस्ती असते, तोडलं तर घरात काही तरी वाईट होतं, अशी समजूत. बाईंनी जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं होतं, आणि हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"माझा त्यावर विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "पण झाड तुटणार नाही. फांदीसुद्धा नाही. आणि व्हॅनवाले आज ना उद्या फांदी तोडतात."

"आमच्याकडे शेताच्या कडेला म्हसोबाचा दगड असतो," बायको म्हणाली. "शेंदूर लावलेला. सरकारी रस्तासुद्धा त्याला वळसा घालून जातो. आम्हाला हे काही नवीन नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झाडापासून तुमच्या कुंपणापर्यंत जागा फार नाही. झाडाच्या मुळांसाठी मी किती सोडायची, आणि तुम्हाला किती द्यायची, हा प्रश्न आहे."

प्रश्न भावाचा झाला की मला बरं वाटतं. पण दाराशी आर्किटेक्ट येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागं माझी मुलगी, त्यांच्यामागं बिस्किटं खाणारी दोन माणसं. गावासमोर आकडा बोलला, की माणूस त्याला चिकटून बसतो, मागं येता येत नाही. मला वडील आठवले.

"बाई, आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत," मी म्हणालो. "उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटांनी बोलायचं. जितकी बोटं धरली तितका भाव. बघणाऱ्याला काही कळत नाही. कमी केलं तरी कोणाचा मान जात नाही."

"आमच्या जत्रेत हातावर थुंकून टाळी द्यायचे," बाई म्हणाल्या. "माझे वडील द्यायचे. तुमची पद्धत स्वच्छ आहे." आणि त्यांनी ओट्यावरचा टॉवेल उचलला. आयर्लंडचा नकाशा छापलेला, भांडी पुसायचा. तो माझ्या हातावर टाकला आणि खाली स्वतःचा हात घातला. "दाखवा. पायवाट चार फूट आहेच, वर एका बोटाला एक फूट."

मी त्यांची बोटं धरली. त्यांनी लगेच दोन सोडवून घेतली. हात म्हातारीचा, पण गाय दोहणारा. मी पुन्हा धरली, त्यांनी एक मुडपलं. मी अंगठा दाबून धरला आणि सोडेना. त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. असं गिऱ्हाईक वडिलांना आवडलं असतं.

"ओह माय गॉड," मुलगी दाराशी म्हणाली. "बाबा, व्हाय आर यू होल्डिंग हँड्स?"

"गप बस," बायको म्हणाली. "तुझ्या बाबांचा धंदा चाललाय."

एका जागी येऊन आम्ही अडलो. त्यांच्या बोटांवर माझी व्हॅन जात नव्हती, थोडक्यासाठी. आणि बाई हलेनात. उलट त्यांनी तोंडानंच एक नवी अट काढली. "भिंतीवर दगडी पाटी लागणार. गव्हर्नरची. तुम्ही हरकत घ्यायची नाही."

"त्यावर काय लिहिणार?"

"नाव, जन्म, आणि ॲक्टिंग गव्हर्नर."

"ॲक्टिंग काढा."

"नाही. तसं होतं, तसंच लिहिणार."

"मी मघाशी एवढं बोललो ते..."

"ते मला पटलं. म्हणून खोटं लिहू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तो शब्द लाजेचा नाही. मग लपवायचा कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते द्यायला वेळ लागला असता. आणि टॉवेलाखाली त्यांचं एक मुडपलेलं बोट माझ्या तळहाताला लागत होतं. पाटीवर तो शब्द मला नको होता. माझ्या घराच्या, माझ्या दाराशेजारी, रोज येता-जाता नको होता. हे त्यांना कळत होतं, म्हणूनच त्या थांबल्या होत्या. समोरच्याला काय खुपतं ते कळलं, की त्याची किंमत ठरते.

मी ते मुडपलेलं बोट सरळ केलं आणि धरलं.

"शब्द राहू दे," मी म्हणालो.

बाईंनी बोट सोडवून घेतलं नाही. टॉवेल काढला, घडी घातली आणि ओट्यावर ठेवला. "ठरलं."

"किती ठरलं?" आर्किटेक्टनं मला बाहेर आल्यावर विचारलं. "बॉय, मला नकाशा काढायचाय."

"उद्या खुंट्या मारतो, मग मोज," मी म्हणालो. टॉवेलाखालचा आकडा तोंडानं सांगायचा नसतो.

यादीत पुढची भिंत तेवढी गेली. कौन्सिलनं मागची वाट मान्य केली, स्वयंपाकघर झालं, गाळा सोडायच्या आत झालं. पाटी पुढं लागली आहे. उन्हाळ्यात अमेरिकन माणसं गाडीतून उतरून तिचे फोटो काढतात. मधे एक जण बायकोला म्हणाला, "ओन्ली ॲक्टिंग." मी पोह्यांचा झारा हातात घेऊन बाहेर आलो आणि त्याला दलदलीतल्या रस्त्यापासून सगळं ऐकवलं. तो बिचारा शेवटी दोन डबे घेऊन गेला.

तो शब्द मला अजून खुपतो. बाईंना मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, वाट परत करता का?

रोज सकाळी डबे भरून व्हॅन मागच्या वाटेनं निघते. गाडी बायको चालवते, मी पुढं चालत जाऊन बघतो. झाडापाशी आलं की ती व्हॅनचे दोन्ही आरसे मिटते. एका बाजूनं काटे पत्र्याला घासत जातात, दुसऱ्या बाजूला कुंपण. आरसे मिटले की व्हॅन जाते. शब्द विकला नसता, तर गेली नसती.